नस तुटली, तर गोळीनं जुळते का?

ज्वारीची काढणी आली की घराघरातले विळे पाजळले जातात. पाजळलेला विळा कधी पेंढीवर चालतो, कधी आपल्याच हातावर. अशा जखमांची आपल्याला इतकी सवय असते की चिंधी बांधून आपण पुढची पात धरतो. पण काही जखमा वरून लहान दिसतात आणि आत मोठं नुकसान करून जातात. आज आम्ही तशाच एका जखमेबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईची ही गोष्ट आहे. तिच्या परवानगीनं सांगतोय, नाव मात्र सांगत नाही. दीड वर्षापूर्वी काढणी करताना तिचा विळा सटकला आणि डाव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला बसला. रक्त खूप गेलं. जवळच्या एका दवाखान्यात पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रक्त थांबलं. सगळे म्हणाले, "थोडक्यात वाचलीस, शीर वाचली."

टाके निघाले, जखम भरली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर ते बधिरच. पुढं ती दोन बोटं वाकडी होऊ लागली. दवाखान्यात सांगितल्यावर नसेची लाल इंजेक्शनं सुरू झाली, दिवसाआड एक. सोबत 'नसेच्या ताकदीच्या' गोळ्या. असे चार महिने गेले. गटातून काढलेलं पाच हजारांचं कर्ज त्यातच संपलं. एक दिवस भाकरी उलटताना तिच्या करंगळीची बाजू तव्याला टेकली. तिला कळलंच नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा तिनं हाताकडं पाहिलं.

मग तिला आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या सर्जननी हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस कुठं होता?" मनगटातली नस पहिल्या दिवसापासून तुटलेलीच होती. वर कातडी जुळली होती, आत नस जुळलेली नव्हती. चार महिने औषध चालू होतं, पण ते काम औषधाचं नव्हतंच.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, हा विषय नीट समजून घ्यायचा आणि तुम्हालाही सांगायचा.

'शीर' म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यातच एक घोटाळा आहे. शीर म्हणा, नस म्हणा, एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एक रक्तवाहिनी. ती पोकळ नळी असते, तुटली की रक्त वाहतं. दुसरा मज्जातंतू. तो पांढरट दोरीसारखा असतो, आत हजारो बारीक धागे असतात. मेंदूचा हुकूम त्यातून बोटापर्यंत जातो आणि बोटाला लागलेला चटका त्यातूनच मेंदूपर्यंत येतो. आज आम्ही 'नस' म्हणू ते या मज्जातंतूला.

मनगटात दोन्ही शेजारी शेजारी असतात. रक्त थांबलं म्हणजे रक्तवाहिनीचं भागलं. नसेचं काय झालं, ते रक्तावरून कळत नाही. "शीर वाचली" म्हणणारे रक्ताबद्दल बोलत होते आणि आम्ही समजलो की सगळंच वाचलं.

तुटलेली नस पुन्हा कशी वाढते?

वायर तुटली की दोन टोकं जोडायची, बटण दाबलं की मोटर सुरू. नसेचं तसं नाही. नस वेलासारखी असते. दोडक्याचा वेल मधेच कापला तर कापल्याच्या पुढचा भाग सुकून जातो. मुळाकडचा भाग जिवंत राहतो आणि तिथूनच नवा कोंब फुटून मांडवावर चढतो. नसेचं मूळ पाठीच्या कण्याकडं असतं. मनगटात नस तुटली की बोटाकडच्या भागातले धागे काही दिवसांतच विरून जातात. ऑगस्टस वॉलर नावाच्या शास्त्रज्ञानं 1850 साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवून दिलं होतं.

पण धागे विरले तरी त्यांच्या भोवतीची बारीक नळी शिल्लक राहते. तिथल्या पेशी आतला कचरा साफ करतात आणि नव्या कोंबाला वाट दाखवतात. हाच आपला मांडव. कोंबाला तो सापडला तर तो बोटापर्यंत पोचतो. दोन टोकं लांब गेली असतील, मधे जखमेची गाठ बसली असेल, तर कोंब तिथंच गुरफटतो.

वाढीचा वेगही ऐका. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. म्हणजे महिन्याला 3 सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढी. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत जायला पाच-सहा महिने लागतात. कोपराच्या वर नस तुटली तर वर्षाहून जास्त.

दुसरीकडं स्नायू वाट बघत असतात. नसेचा हुकूम आला नाही की स्नायू बारीक होत जातात. साधारण बारा ते अठरा महिने गेले, की मग नस पोचली तरी बहुतेक स्नायू पुन्हा काम करत नाहीत. स्पर्श त्यानंतरही थोडाफार परत येऊ शकतो, पण ताकद येणं अवघड. म्हणून वाया गेलेला एकेक महिना महागात पडतो. आमच्या ताईचे चार महिने असे गेले.

मग काहींना गोळ्यांनी गुण कसा येतो?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. "माझ्या जावेचं पाऊल लुळं पडलं होतं, इंजेक्शनांनी बरं झालं," असं कुणी ना कुणी सांगतंच. ते खोटं नसतं. पण त्यामागचं कारण वेगळं असू शकतं.

सेडन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1943 साली नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. डॉक्टर आजही ते वापरतात.

पहिला प्रकार, नस दबलेली असते. आतले धागे शाबूत असतात, नुसता हुकूम अडतो. कांद्याच्या लागवडीला किंवा खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि पाऊल वर उचलत नाही. तसं बसणं थांबवलं की हे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. त्या काळात गोळ्या चालू असल्या तर श्रेय गोळ्यांना जातं.

दुसरा प्रकार, आतले धागे तुटतात पण बाहेरचं आवरण टिकून असतं. हाड मोडल्यावर किंवा जोरात मुका मार लागल्यावर असं होतं. मांडव शाबूत असल्यानं नस स्वतः वाढत जाते, त्याच मिलिमीटरच्या चालीनं.

तिसरा प्रकार, नस पूर्ण तुटते. विळा, कोयता, काच, कडबाकुट्टीचं पातं यांनी हे होतं. इथं टोकं शिवल्याशिवाय गत्यंतर नाही. सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक धाग्यानं ती शिवतात. स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत शिवली तर उत्तम. उशीर झाला की टोकं आखडतात, मधे अंतर पडतं. मग पायातली एखादी कमी गरजेची नस काढून तिथं जोड द्यावा लागतो. आमच्या ताईला तसाच द्यावा लागला.

आता औषधांचा खरा हिशोब

तुटलेली नस वाढवण्यासाठीच मान्यता मिळालेलं औषध आज जगात नाही. शोध मात्र जोरात चालू आहे, आणि त्याच्या सुरुवातीला एक बाई आहे.

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलीतली डॉक्टर. ज्यू असल्यामुळं 1938 च्या वंशभेदी कायद्यानं तिचं विद्यापीठातलं काम बंद झालं. तिनं घरच्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या पिल्लांच्या नसा कशा वाढतात ते पाहत राहिली. पुढं अमेरिकेत 1950 नंतरच्या दशकात तिनं आणि स्टॅन्ली कोहेन यांनी नसा वाढवणारा एक घटक शरीरातच असतो हे सिद्ध केलं. 1986 साली दोघांना नोबेल मिळालं. पण हाच घटक औषध म्हणून मधुमेहाच्या रुग्णांच्या नसांसाठी देऊन पाहिला, तेव्हा मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही. उलट टोचलेल्या जागी दुखायला लागलं. नोबेल मिळालेल्या शोधाचं सुद्धा लगेच औषध होत नाही, हे यातून समजून घेऊ.

टॅक्रोलिमस नावाचं औषध अवयव बदलल्यावर शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात. उंदरांमध्ये त्यानं नस जास्त वेगानं वाढते असं दिसलंय. पण ते प्रतिकारशक्ती कमी करतं, मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, साखर वाढवू शकतं. नुसत्या कापलेल्या नसेसाठी एवढा धोका डॉक्टर सहसा पत्करत नाहीत.

आता ते लाल इंजेक्शन. ते बहुधा मिथाइलकोबालामिन असतं, म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. उंदरांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेत त्याचा फायदा दिसलाय. माणसांत तुटलेली नस त्यानं वेगानं वाढते याचा भक्कम पुरावा नाही. पण एक गोष्ट पक्की. अंगात बी-12 कमी असेल तर नसा नीट राहत नाहीत, आणि तेव्हा हे औषध लागतंच. बी-12 दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. घरातलं दूध डेअरीला आणि उरलेलं ताक पोरांना, असं ज्या घरात चालतं तिथल्या बाईला कमतरता असू शकते. ते रक्ताच्या तपासणीत कळतं. कमी असेल तर जरूर घ्या. पण नस शिवण्याऐवजी ते घेत बसू नका.

'नसेच्या गोळ्यां'त बहुतेक वेळा बी-6 सुद्धा असतं. ते जास्त प्रमाणात, बरेच दिवस घेतलं तर त्यानंच हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. दोन दवाखान्यांच्या दोन प्रकारच्या गोळ्या एकदम घेत असाल, तर दोन्ही पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं नसेच्या आगीसारख्या दुखण्यावर देतात. त्यांनी दुखणं कमी होतं आणि झोप लागते. बाईला हात हलवता येऊ लागतो, हा मोठाच फायदा. पण नस त्यांनी वाढत नाही. त्यांनी गुंगी येते, म्हणून ती घेऊन लगेच विळा किंवा यंत्र हातात धरू नका. अचानक बंद करू नका आणि शेजारणीला देऊ नका.

काही दुखण्यांत मात्र औषध नस खरोखर वाचवतं. कुष्ठरोगात नसेला सूज येते. बधिरपणा किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने व्हायच्या आत स्टेरॉइडची गोळी सुरू झाली तर नस सुधारण्याची चांगली शक्यता असते. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. एकाएकी अर्धा चेहरा लुळा पडला, तर आधी तो पक्षाघात नाही ना हे बघायला तातडीनं रुग्णालय गाठायचं. नुसती चेहऱ्याची नस सुजलेली असेल तर 72 तासांच्या आत स्टेरॉइड सुरू झाल्याचा फायदा होतो. दोन्ही ठिकाणी नस सुजलेली असते, तुटलेली नसते. सूज औषधानं उतरते. तुटलेली टोकं औषधानं जवळ येत नाहीत.

जखम झाली त्याच दिवशी काय करायचं?

स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. जखमेत हळद, चुना, तंबाखू, डिझेल काही भरू नका. वर दोरी आवळू नका. रक्त थांबत नसेल तर 108 ला फोन करा.

दवाखान्यात पोचल्यावर बधिर करण्याचं इंजेक्शन द्यायच्या आधी चार गोष्टी पाहायला सांगा. डोळे मिटून तर्जनीच्या आणि करंगळीच्या टोकाला स्पर्श कळतो का? अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल होतो का? बोटं पंख्यासारखी फाकवता येतात का? मनगट वर उचलता येतं का? यातलं एकही होत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "नस तुटली आहे का? नस शिवणारे सर्जन कुठं आहेत?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. टाके पडल्यावर बधिरपणा राहिला तर "कमी होईल" म्हणून महिने घालवू नका. मोठ्या रुग्णालयात प्लास्टिक किंवा अस्थिरोग सर्जन हे काम करतात. खर्चासाठी तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

इंजेक्शनाची आणखी एक गोष्ट. ढुंगणावर सुई चुकीच्या जागी गेली तर तिथल्या मोठ्या नसेलाच इजा होऊ शकते. सुई टोचताना पायात खालपर्यंत विजेसारखी कळ गेली तर लगेच "थांबा" म्हणा.

नस वाढत असताना घरी काय?

हा काळ लांब असतो आणि बाईच्या हाती यातलं खूप काही असतं.

बधिर हात जपा. चूल, तवा, कुकर, गरम पाणी यांच्याजवळ जाड फडकं किंवा मोजा वापरा. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हातानं पाहा. रोज रात्री बोटं उलटून पालटून बघा, भाजलं-कापलं असेल तर ते डोळ्यांनीच कळणार. हलक्या हातानं तेल लावा, म्हणजे कातडी फुटत नाही. तेलानं नस वाढत नाही, पण जोरानं रगडलं तर इजा होते.

फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणे दुसऱ्या हातानं बोटं सरळ करा, वाकवा. सांधे आखडले तर नस पोचूनही हात चालत नाही. पट्टी दिली असेल तर ती सांगितलेला वेळ बांधा. आमच्या ताईला धान्याचा व्यायाम दिला होता. वाट्यांत ज्वारी, मोहरी, हरभरा घ्यायचा, आधी बघून आणि मग डोळे मिटून बोटानं ओळखायचं. परत येणारा स्पर्श मेंदूला नव्यानं ओळखावा लागतो, त्यासाठी हा सराव.

साखर असेल तर ती ताब्यात ठेवा. आणि मैत्रिणींनो, मिश्री. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि वाढत्या नसेला रक्त कमी मिळतं. इंजेक्शनांवर पैसे घालायचे आणि सकाळी मिश्री लावायची, हे जमत नाही.

नस पुढं सरकते आहे का, हे पाहण्याची एक खूण आहे. नसेच्या वाटेवर बोटानं हलकं ठोकलं की एका जागी मुंग्या येतात. ती जागा महिन्यामहिन्याला बोटाकडं सरकत गेली तर कोंब चालतोय. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1915 साली, फ्रान्सचे टिनेल आणि जर्मनीचे हॉफमन या दोन डॉक्टरांनी ही खूण वेगवेगळी सांगितली. देश एकमेकांशी लढत होते आणि दोघंही जखमी सैनिकांच्या नसा तपासत होते. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना ही खूण दाखवायला सांगा. तीन महिन्यांत काहीच सरकलं नाही तर पुन्हा सर्जनला भेटा.

आमची ताई आज कशी आहे? शस्त्रक्रियेला वर्ष झालं. करंगळीला चटका कळतो, गार पाणी कळतं. मुंग्या अजून येतात. बोटं थोडी वाकडीच आहेत आणि गाठोडं घट्ट धरताना हात दमतो. सर्जन म्हणाले, पहिल्या आठवड्यात आली असती तर हात याहून चांगला झाला असता. ती आम्हाला म्हणाली, "माझं जेवढं झालं तेवढं झालं. पण दुसरीला सांगा." म्हणून आम्ही आज सांगितलं.

गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. तर्जनी, करंगळी, गोल, पंखा, मनगट, ही तपासणी प्रत्येकीनं शेजारणीच्या हातावर करून पाहा. कापल्यावर पाहायचं काय, ते सगळ्यांना पाठ असू द्या. आणि नसेच्या इंजेक्शनांसाठी कुणी कर्ज मागायला आली, तर कर्ज जरूर द्या, पण आधी तिला एवढं विचारा, "बाई, तुझी नस दबली आहे की तुटली आहे, हे कुणी तपासलं का?"

काळजी घ्या, हात जपा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.